केसर आंब्याची झाडं सरळसोट वर गेलीत, आता कुठे कापावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या बागेशी ताडून बघता येईल. अंबाजोगाईजवळ दोन एकर मध्यम जमीन, ठिबक आहे. केसरची कलमं जुलै २०२२ मध्ये पाच बाय पाच मीटरवर लावली. आज झाडं सात-आठ फूट झाली, पण बरीचशी चार-साडेचार फुटांपर्यंत नुसता सोट, फांदी नाही. गेल्या जानेवारीत काही झाडं मोहोरली, चार-दोन कैऱ्या धरल्या आणि त्यांच्या वजनानं शेंडे लवले. नाशिकचे मेहुणे द्राक्षवाले, ते म्हणतात बागेला एकदा खरडून काढा. वडील म्हणतात आंब्याला कात्री लावायची नसते. व्हिडिओत कुणीतरी थंडीत छाटणी करून दाखवतोय. आणि दुकानदारानं कल्टारची, म्हणजे झाडाची वाढ रोखणाऱ्या औषधाची, बाटली हातात दिली आहे.

थेट सांगायचं तर छाटणी करा, पण सगळ्या झाडांना एकच माप लावू नका. मृगाचा पाऊस सुरू होतो त्याच्या आसपास करा, थंडीत अजिबात नको. येत्या हंगामातला मोहोर बहुतेक झाडांवरून काढायचा आहे. कल्टारबद्दल शेवटी लिहितो.

आंब्याचा मोहोर येतो फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून, म्हणजे न उमललेल्या कोंबातून, आणि तोही ती काडी चार-पाच महिने जून म्हणजे पक्की झालेली असेल तर. मराठवाड्यात केसर साधारण डिसेंबर-जानेवारीत मोहोरतो. म्हणजे त्या वेळी मोहोरायची काडी ऑगस्टअखेरीस तरी वाढून थांबलेली पाहिजे. यावरून बागायतदाराच्या हातात दोनच गोष्टी राहतात, झाडावर शेंडे किती आहेत आणि ते किती जुने आहेत. प्रत्येक कापानं शेंड्यांची संख्या वाढते आणि त्यांचं वय शून्यावर येतं. लहान झाडात आपल्याला फळ घ्यायचंच नसतं, त्यामुळे वय गेलं तरी बिघडत नाही, संख्या वाढवून घ्यायची. फळावर आलेल्या झाडात हाच हिशोब उलटा होतो, तिथे वय राखायचं. तीन वर्षांच्या बागेत शेंडे मोजायचे, उंची मोजायची नाही. तुमची सात फुटी झाडं बघायला दिमाखदार असतील, पण ज्या झाडाला तीनच शेंडे आहेत ते तीनच ठिकाणी मोहोरणार.

आता तिन्ही सल्ल्यांचं बघू. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी करतात ती नव्या काड्या तयार व्हाव्यात आणि त्यांच्या डोळ्यांत घडनिर्मिती व्हावी म्हणून. मग ऑक्टोबरच्या छाटणीत तेच डोळे फोडून घड बाहेर काढतात. तिथे कात्री फळ बाहेर आणते. आंब्याच्या काडीत असा साठवून ठेवलेला घड नसतो. ऑक्टोबरला शेंडा मारला तर त्या टोकाचा मोहोर त्या वर्षापुरता गेलाच म्हणायचा. मेहुण्यांचा हात द्राक्षात तयार असेल, तो तिथेच राहू द्या.

वडील चुकीचं सांगत नाहीत, ते वेगळ्या बागेबद्दल सांगताहेत. त्यांनी पाहिलेले आंबे रायवळ, बांधावर नाहीतर दहा-दहा मीटरवर, हेक्टरी शंभर झाडं. त्या झाडाला वाढायला आभाळ मोकळं होतं आणि उतरवायला झेला घेऊन चढणारी माणसं होती. तुमच्याकडे पाच बाय पाचवर एकरी एकशे साठ झाडं आहेत. न कापता वाढवली तर सात-आठ वर्षांत फांद्या एकमेकींत शिरतील, आत ऊन पोहोचणार नाही आणि फळ फक्त माथ्यावर येईल. दाट लागवड केली त्या दिवशीच कात्री विकत घेतल्यासारखी आहे.

थंडीतली छाटणी सफरचंदवाल्यांची. ते झाड थंडीत पानं टाकून झोपतं. आंबा सदाहरित, थंडीत तो झोपत नाही, मोहोराच्या तयारीला लागतो. डिसेंबरात शेंडा कापला तर खालच्या बगलेतल्या डोळ्यांतून बहुधा फांद्यांऐवजी मोहोराचे तुरे निघतात. फांदी मिळवायला कापलं आणि मोहोर मिळाला, असं होतं.

कापायची जागा हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक ठिकाणी याच बाबतीत घाईत कात्री चालते. एक फांदी हातात घेऊन नीट बघा. आंबा सलग वाढत नाही, नवतीनं वाढतो. एक नवती आली की ती लांब होते, तांबूस पानं हिरवी होतात, मग काही आठवडे थांबते आणि पुन्हा शेंड्यातून पुढची नवती निघते. जिथे एक नवती संपून दुसरी सुरू झाली तिथे फांदीवर एक कडं दिसतं. त्या जागी पानं किंवा पानांचे व्रण अगदी जवळजवळ, गोल फेर धरून बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या बगलेत एक डोळा असतो. कड्यांमधल्या भागात पानं लांब लांब असतात. जुन्या सोटावर पानं गळलेली असली तरी बोट फिरवलं की कडं हाताला लागतं.

कड्याच्या वर कापलं तर त्या कड्यातले सगळे डोळे एकदम फुटतात. पाच-सहा, कधी आठ फुटवे एकाच पातळीवरून, झाडूसारखे. दिसायला छान भरगच्च दिसतं, पण पुढे हेच फुटवे जाड होतात तेव्हा एकमेकांना रेटतात, त्यांच्या बेचक्यात साल दबून राहते आणि जोड कधी पक्का होतच नाही. फळाचं ओझं आणि वळवाचा वारा एकत्र आले की फांदी बेचक्यातून उभी चिरते. कड्याच्या खाली, म्हणजे कडं कापून टाकून, दोन कड्यांच्या मधल्या भागात कापलं तर डोळे कमी फुटतात, तीन-चार, पण ते एकमेकांपासून अंतरावर आणि वेगवेगळ्या उंचीवरून निघतात. मुख्य खोडावर आणि पहिल्या फांद्यांवर आपल्याला हेच हवं आहे, म्हणून तिथे कायम कड्याखाली कापा. पुढे बाहेरच्या बारीक काड्यांवर कड्याच्या वर कापलं तरी चालतं, कारण तिथे गर्दीच हवी असते आणि जास्तीचे फुटवे नखानं काढता येतात.

तुमच्या तीनशे-सव्वातीनशे झाडांतून आधी एक फेरी कात्री न घेता मारा. प्रत्येक झाडाशी खाली बसून कलमाचा जोड बघा. जोडाखालून गावठी फूट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची फूट, निघाली असेल तर ती तळातून काढा. एखादं झाड बाकीच्यांपेक्षा फारच जोमात असेल तर संशय घ्या. कलमाची काडी मागे पडून गावठी पुढे गेलेली झाडं बागेत निघतात, आणि अशा झाडाची कितीही सुंदर छाटणी केली तरी त्याला केसर लागणार नाही. त्याच्यावर पुन्हा कलम बांधावं लागेल. कलमाची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर ब्लेडनं उभी चिरून काढा. खोड तिथे आवळलं जातं आणि वरचं झाड पिवळट दिसतं, मग माणूस खतात कारण शोधत बसतो. आधाराच्या काठीची सुतळी रुतली आहे का तेही बघा.

मग झाडांचे तीन गट पाडा, रंगाच्या खुणा करून.

पहिला गट, तीन-साडेतीन फुटांच्या आत आपसूक फांद्या फुटलेली झाडं. यांना खोडावर कापायची गरज नाही. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतचं खोड मोकळं ठेवा, त्याच्या वर तीन किंवा चार फांद्या निवडा, वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या आणि एकमेकींपासून चार-सहा बोटांच्या अंतरावर निघालेल्या. बाकीच्या फांद्या बुडापासून काढा, खुंट ठेवू नका. मधून सरळ वर जाणारी एक फांदी असतेच, ती सगळ्यात जाड आणि देखणी असते, आणि तिच्यावर हात चालत नाही. तीच काढायची. ती राहिली तर झाडाचा जोर तिच्याकडे जातो, बाजूच्या फांद्या बारीक राहतात आणि तुम्ही आज जिथे आहात तिथेच पुन्हा येता.

दुसरा गट म्हणजे तुमचे सोट. कलम लावल्यावर पहिल्या वर्षी साठ-सत्तर सेंटिमीटरवर शेंडा मारायला हवा होता, तो राहिला. आता खोडाची साल तपकिरी आणि काडी टणक झाली आहे, पण घाबरायचं कारण नाही, आंबा जुन्या लाकडावरूनही चांगला फुटतो. अडीच ते तीन फुटांच्या दरम्यान कडं शोधा आणि त्याच्या खाली कापा, कलमाच्या जोडाच्या बऱ्याच वर. सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या हातकात्रीनं, रेटू नका, अंगठ्यापेक्षा जाड खोडाला बारीक दातांची करवतच वापरा, म्हणजे लाकूड चिरत नाही. काप थोडा तिरका ठेवा. साडेसात फुटांचं झाड तीन फुटांवर आलेलं बघून घरच्यांचा जीव कासावीस होईल. पण मुळं तीन वर्षांची आहेत आणि आता सगळी ताकद चार डोळ्यांत जाणार आहे. चांगलं पाणी असेल तर दिवाळीपर्यंत यातली बरीच झाडं न कापलेल्या शेजाऱ्यापेक्षा घेरानं मोठी होतील.

तिसरा गट रोगट, खुरटलेल्या, पानं कमी असलेल्या झाडांचा. यांना यंदा कात्री लावू नका. झाडाला आधी पान लागतं, मग कापायचं. त्यांची आळी, मुळं आणि पाण्याचा निचरा बघा.

कापल्यावर उन्हाच्या आणि ओलीच्या मानानं तीन-चार आठवड्यांत फुटवे दिसतात. ते बोटाएवढे झाले की बागेत जा आणि जास्तीचे अंगठ्यानं मोडून काढा. त्या वयात हे काम एका झाडाला मिनिटभराचं असतं आणि जखम होत नाही. महिनाभर लांबवलंत तर कात्री लागेल. ठेवायचे तीन किंवा चार, चारही दिशांना विखुरलेले. एक फुटवा पश्चिमेकडे, दुपारच्या उन्हाच्या बाजूला असू द्या, खोडावर सावली पडते.

हे फुटवे उभे वाढायला लागतात. ते वीतभर-दीड वीत झाले आणि काडी अजून लवचिक आहे तोवर त्यांना बाहेर झुकवा. बांबूची खपली मध्ये अडकवा किंवा सुतळीनं ओढून जमिनीत खुंटी मारा. खोडापासून साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांचा कोन पुरे. फार आडवी केली तर फांदीच्या पाठीवर पाणसोटांची, म्हणजे सरळ उभ्या जोमदार फुटव्यांची, रांग उठते. सुतळीचा फास सैल ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी, लाकूड त्या जागी स्थिरावलं की सोडा.

पुढचा शेंडा कधी मारायचा, तर फांदी दीड फुटाच्या आसपास गेली आणि तिची पानं गडद हिरवी, जाड झाली की. तांबूस किंवा पोपटी पानांच्या फांदीला हात लावू नका. कोवळ्या काडीत साठवण नसते, ती कापली की फुटवे लोकरीच्या धाग्याएवढे निघतात. एक साधी पारख म्हणजे पान मुठीत दाबून बघायचं. कोवळं पान मऊ पडतं, जून पान करकरतं. तीन-चार मुख्य फांद्यांच्या नऊ-दहा दुय्यम झाल्या, त्यांच्यावर तसंच पुन्हा केलं की पंचवीस-तीस शेंडे होतात. ठिबकवर झाडाला वर्षाला तीन-चार नवत्या येतात, त्यामुळे या जूनपासून पुढच्या जूनपर्यंत तुमचं दुसऱ्या गटातलं झाड पंचवीसच्या जवळ पोहोचायला हरकत नाही.

प्रत्येक नवी नवती म्हणजे किडींना आमंत्रण. शेंडा पोखरणारी अळी नेमकी आपण जपलेल्या फुटव्यात शिरते. शेंडा मान टाकून सुकलेला दिसला तर तो खालपर्यंत चिरून बघा, आत अळी सापडते. पानं कातरणारा सोंड्या भुंगा आला तर झाडाखाली कोवळ्या पानांचे सरळ कापलेले तुकडे पडलेले दिसतात. ते गोळा करून नष्ट करा, कारण त्या तुकड्यांतच त्याची अंडी असतात. फवारणी नवती निघताना करावी लागते, पानं जून झाल्यावर करून उपयोग नाही. औषध कोणतं ते तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतून घ्या, ती यादी बदलत असते.

दिवस निवडताना दोन टोकं टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात सोट उघडा पडला तर साल भाजते, तडकते, आणि भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, अंडी घालायला अशीच जागा शोधते. झडीच्या पावसात कापलं तर जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून मागे वाळत येते. पहिले एक-दोन पाऊस होऊन उघडीप पडली की दोन दिवसांत काम उरकून घ्या. बोर्डो पेस्ट त्याच दिवशी लागली पाहिजे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसरीत भिजवायचा आणि मग एकत्र करायचा, लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर लोखंडी विळा किंवा खिळा त्यात बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. उघड्या पडलेल्या खोडालाही हीच पेस्ट लावली तर उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं. कापताना चीक उडतो, त्यानं कातडी भाजते, डोळ्यात गेला तर वाईट. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि मजुरांनाही घालायला लावा.

खतपाण्याचं फार लिहीत नाही. कापल्यावर शेणखत आणि नत्राचा हप्ता द्या, ओल टिकवा. फक्त ऑक्टोबरनंतर नत्र बंद. थंडीत नवती काढायची नाही.

मोहोराचं. दुसऱ्या गटातल्या झाडांना यंदा मोहोर आला तर सगळा काढायचा, यात तडजोड नाही. बारीक काडीवर दोन फळं ठेवली तर ती काडी उन्हाळाभर फळं पोसते आणि नवती टाकत नाही. शेंडे का लवले ते तुम्ही बघितलंच. पण मोहोर काढायचीही वेळ आहे. जानेवारीच्या थंडीत तुरा खुडला तर बगलेतून पुन्हा तुरे येतात आणि दुसरी फेरी मारावी लागते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर, ऊन तापायला लागलं की खुडा. तेव्हा खालचे डोळे मोहोराऐवजी पालवी टाकतात, म्हणजे मोहोर काढण्याच्या कामातच शेंडे वाढवण्याचं काम होऊन जातं. तुरा ओढून तोडू नका, त्याच्या खालचं कडं राखून कात्रीनं कापा. पहिल्या गटातल्या ज्या झाडांना आताच वीस-पंचवीस पक्के शेंडे आहेत त्यांच्यावर दहा-बारा फळं ठेवायला माझी हरकत नाही. चव कळते, घरच्यांचं समाधान होतं, आणि कोणतं झाड अस्सल केसर आहे हेही समजतं.

झाडं फळावर आली की पद्धत बदलते. तेव्हा छाटणी वर्षातून एकदा, फळं उतरवल्यावर पंधरा-वीस दिवसांत, आणि हलकी. मोहोराच्या वाळलेल्या काड्या पहिल्या कड्यापर्यंत काढायच्या, कारण त्या राहिल्या की तिथून नवती उशिरा निघते. मधल्या एक-दोन उभ्या फांद्या काढून आत ऊन सोडायचं. दुपारी झाडाखाली उभं राहिल्यावर जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत. उंची रांगेच्या अंतराच्या पाऊणपटीत, तुमच्याकडे पावणेचार मीटरच्या आत ठेवा. जुलै उलटला की कात्री खोक्यात. ऑगस्टमध्ये मारलेल्या शेंड्याची नवती वाढून थांबेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि जानेवारीला ती मोहोरायच्या वयाची नसते. मग लोक म्हणतात यंदा झाडानं दगा दिला.

राहिली कल्टारची बाटली. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल झाडाची वाढ रोखतं आणि मोहोर लवकर आणतं. कोकणात हापूसला ते वापरतात ते दहा वर्षांच्या पुढच्या, पूर्ण वाढलेल्या झाडांना, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या प्रत्येक मीटरला तीन मिलिलिटर या मापानं. तुम्हाला पुढची दोन वर्षं झाडाकडून वाढच हवी आहे, आणि हे औषध नेमकी तीच थांबवतं. शिवाय जमिनीत ते बराच काळ राहतं, एकदा ओतलं की परत घेता येत नाही. लहान झाडावर पडलं तर नवतीच्या पेरांची लांबी आखडते, पानांचे गुच्छ होतात, आणि मग कड्याखाली कापा म्हणून मी वर जे लिहिलं आहे त्यासाठी दोन कड्यांच्या मध्ये जागाच उरत नाही. बाटलीचं सील फोडलं नसेल तर दुकानदाराला परत करा आणि त्या पैशात चांगली करवत घ्या.